ट्रान्झिस्टर लहान होत गेला, मग वेग कुठं अडला?

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या बड्या अधिकाऱ्यांची परिषद भरली होती. व्यासपीठावर होते इंटेल कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणू, असं इंटेलनं सांगून ठेवलं होतं. परिषदेच्या काही दिवस आधी कंपनीनं तो बेतच रद्द केला. तो विषय निघाला तेव्हा बॅरेट चक्क सगळ्यांसमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी माफी मागितली.

त्यात गमतीचा भाग होता हे उघड आहे. तरी जगातल्या सगळ्यात मोठ्या चिप कंपनीच्या प्रमुखानं एका आकड्यासाठी गुडघे टेकावेत, याला काहीतरी कारण असणार. ते कारण आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे.

आधी थोडे आकडे पाहू. प्रत्येक प्रोसेसरच्या आत एक घड्याळ असतं. त्याच्या प्रत्येक ठोक्याला चिपचं काम एक पाऊल पुढं सरकतं. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके, एक गिगाहर्ट्झ म्हणजे शंभर कोटी. १९८५ साली आलेल्या इंटेल ३८६ या प्रोसेसरचा वेग १६ मेगाहर्ट्झ होता. २००४च्या अखेरीस पेंटियम ४ पोचला ३.८ गिगाहर्ट्झवर. म्हणजे १९ वर्षांत सुमारे २४० पट. त्यानंतरच्या १९ वर्षांत काय झालं? २०२३च्या जानेवारीत इंटेलनं डेस्कटॉपसाठी जो सगळ्यात वेगवान प्रोसेसर आणला, तो पूर्ण जोर लावून ६ गिगाहर्ट्झवर जातो. म्हणजे जेमतेम दीडपट.

आता दुसरा आकडा. त्या पेंटियम ४मध्ये साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर होते. २०२३ साली ॲपलनं फोनसाठी काढलेल्या ए१७ प्रो या चिपमध्ये आहेत १,९०० कोटी. दीडशे पट!

ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, त्यांची संख्या वाढत राहिली आणि घड्याळाचा वेग मात्र जवळपास जागेवर थांबला. आपल्या डोक्यात मात्र या दोन गोष्टींची गाठ पक्की बसलेली असते: लहान म्हणजे वेगवान. म्हणून तर '३ नॅनोमीटर' हे शब्द फोनच्या जाहिरातीत मिरवतात. ती गाठ कुणी मारली आणि कशी सुटली, याची ही गोष्ट.

एक नळ, एक चावी

१९४७चा डिसेंबर. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. पुढं १९५६ साली या दोघांना आणि विल्यम शॉकली यांना नोबेल मिळालं. पण आजच्या चिपमधला ट्रान्झिस्टर हा थेट त्याचा वंशज नव्हे. तो १९५९-६०मध्ये त्याच बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डॉन काँग यांनी बनवला. त्याला मॉसफेट म्हणतात.

मॉसफेट म्हणजे विजेचा नळ समजा. एका बाजूनं वीज आत येते, दुसऱ्या बाजूनं बाहेर जाते. मधल्या अरुंद वाटेवर 'गेट' नावाची चावी असते. गेटला व्होल्टेज दिलं की नळ सुरू, काढून घेतलं की बंद. सुरू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. तुमचं इन्स्टाग्राम, यूपीआय, मॅपवरची निळी टिंबं, सगळं शेवटी अशा कोट्यवधी नळांची उघडझाप असते.

१९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी आणि पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डमध्ये रॉबर्ट नॉइस यांनी एकाच तुकड्यावर पूर्ण सर्किट बनवायची युक्ती शोधली. आता नळ सुटे बनवून तारांनी जोडायची गरज उरली नाही. एका तुकड्यावर किती मावतील, एवढाच प्रश्न राहिला.

दोन माणसं, दोन वचनं

या प्रश्नाला दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरं दिली. त्यातलं एक नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. दुसरं बहुधा नाही.

पहिले गॉर्डन मूर. फेअरचाइल्डमध्ये संशोधन विभाग सांभाळणाऱ्या मूर यांनी १९ एप्रिल १९६५च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात एक छोटा लेख लिहिला. चिपवरच्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होते आहे आणि १९७५पर्यंत ती ६५ हजारांवर जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७५ साली त्यांनी हा काळ सुधारून दोन वर्षांवर नेला. हाच तो प्रसिद्ध 'मूरचा नियम'. त्या लेखात वेगाचा आणि उष्णतेचा ओझरता उल्लेख आहे, पण नियम आहे तो संख्येचा आणि खर्चाचा: एका चिपवर किती घटक बसवणं सगळ्यात स्वस्त पडतं, याचा.

दुसरे रॉबर्ट डेनार्ड, आयबीएमचे इंजिनिअर. संगणकात आणि फोनमध्ये जी रॅम असते, तिचा मूळ एक-ट्रान्झिस्टरचा साचा त्यांचाच. १९७४ साली त्यांनी पाच सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ट्रान्झिस्टर लहान केला तर त्याच्या बाकीच्या गुणांचं काय होतं, याचं रीतसर गणित त्यात होतं.

ते गणित फार देखणं आहे. ट्रान्झिस्टरची लांबी, रुंदी, गेटखालच्या थराची जाडी आणि व्होल्टेज, सगळं एकाच प्रमाणात कमी करा, समजा ०.७ पट. मग काय होतं? जागा निम्मी लागते, म्हणून तेवढ्याच तुकड्यावर दुप्पट ट्रान्झिस्टर मावतात. वाट आखूड झाल्यामुळं नळ सुमारे १.४ पट वेगानं उघडझाप करतो. आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरला लागणारी वीजही निम्मी होते. म्हणजे दुप्पट ट्रान्झिस्टर, जास्त वेगानं चालवूनही, चिप पहिल्याइतकीच गरम! प्रगतीची किंमत शून्य.

मूर यांचं वचन 'किती' याचं होतं. 'किती वेगानं, आणि किती गरम न होता' हे वचन डेनार्ड यांचं. तीस वर्षं दोन्ही वचनं हातात हात घालून चालली, म्हणून जगानं दोन्हींचं श्रेय एकाच नावाच्या खात्यावर जमा केलं.

मेगाहर्ट्झचे दिवस

१९७१ साली इंटेलच्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्यातली सगळ्यात बारीक रेघ १० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढी होती. १९९३ साली पेंटियम आला, ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा, ३१ लाख ट्रान्झिस्टरचा. त्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. २०००च्या मार्चमध्ये एएमडी आणि इंटेल यांनी दोन दिवसांच्या अंतरानं एक गिगाहर्ट्झची रेघ ओलांडली.

तुमच्या घरात कुणी त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर 'असेंबल' करून आणला असेल, तर विचारून पाहा. दुकानदाराला पहिला प्रश्न असायचा, "किती मेगाहर्ट्झ?" दोन वर्षं थांबलं तर त्याच पैशात जवळपास दुप्पट वेग मिळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही धरलं होतं. आपला प्रोग्राम हळू चालतोय? चालू दे, पुढच्या वर्षीची चिप त्याला पळवेल. हेनेसी आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांच्या हिशोबानं १९८६ ते २००३ या काळात एका प्रोसेसरची कामगिरी दर वर्षी सरासरी ५२ टक्क्यांनी वाढत होती. व्याजाचा असा दर कुठल्याही बँकेनं कधी दिलेला नाही.

कंपन्यांनी मग डेनार्डच्या पाककृतीपेक्षाही जास्त तिखट घातलं. एकेका कामाचे अधिकाधिक बारीक टप्पे पाडायचे आणि घड्याळ आणखी पळवायचं. २००४च्या पेंटियम ४मध्ये असे ३१ टप्पे होते. खोक्यावरचा आकडा मोठा दिसायचा, चिप मात्र शंभर वॉटच्या वर वीज खायची. इंटेलच्याच पॅट गेलसिंगर यांनी २००१ साली इशारा दिला होता की हे असंच चालू राहिलं, तर काही वर्षांत चिपच्या दर चौरस सेंटिमीटरला अणुभट्टीइतकी आणि पुढं सूर्याच्या पृष्ठभागाइतकी उष्णता तयार होईल.

वायसर झिजलं

अडचण नेमकी काय होती? डेनार्डच्या गणितात व्होल्टेज दर पिढीला कमी व्हायला हवं. पाच व्होल्टवरून ते उतरत उतरत एक व्होल्टच्या आसपास आलं आणि तिथंच अडलं.

पुन्हा नळाकडं जाऊ. चावी बंद केल्यावर नळ पूर्ण बंद व्हायला हवा. पण ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडे इलेक्ट्रॉन निसटतातच, कारण खोलीच्या तापमानाची ऊब त्यांना ढकलत असते. ही गळती दहापट कमी करायची, तर गेटवर किमान ६० मिलिव्होल्टचा फरक लागतो. हा आकडा तापमानावरून ठरतो. ट्रान्झिस्टर कितीही लहान करा, हे ६० मिलिव्होल्ट लहान होत नाहीत. व्होल्टेज फार उतरवलं, तर 'सुरू' आणि 'बंद' यांच्यातलं अंतरच इतकं कमी होतं की वायसर झिजलेल्या नळासारखा प्रत्येक ट्रान्झिस्टर ठिबकू लागतो. एक नळ ठिबकला तर कुणी लक्ष देत नाही. कोट्यवधी ठिबकले, तर काहीही काम न करताच चिप तापते.

त्यात गेटखालचा थर तोवर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीवर आला होता. त्यातूनही इलेक्ट्रॉन आरपार जाऊ लागले.

विशेष म्हणजे, बंद अवस्थेतला हा गुण बाकीच्या मापांबरोबर लहान होत नाही, हे डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४च्या निबंधातच नोंदवून ठेवलं होतं. वचन देतानाच त्यांनी त्यातली अट लिहून दिली होती. तीस वर्षं कुणाला ती वाचायची गरज पडली नाही, एवढंच.

मे २००४मध्ये इंटेलनं पेंटियम ४चा नियोजित वारस रद्द केला. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा बेत गेला, आणि बॅरेट यांनी गुडघे टेकले.

पुण्यात आधीच गिरवलेला धडा

एक बैल जोरात पळेना, तर दोन जुंपायचे, हा मार्ग मग सगळ्यांनी धरला. आयबीएमनं २००१मध्येच एका चिपवर दोन प्रोसेसर बसवले होते. २००५च्या मे महिन्यात इंटेल आणि एएमडी यांनी घरगुती संगणकांसाठीही 'ड्युअल कोअर' चिप आणल्या. तिथून 'क्वाड कोअर', 'ऑक्टा कोअर' हे शब्द आपल्या बोलण्यात आले.

हा मार्ग पुण्याला नवा नव्हता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारताला हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथं १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. सगळ्यात वेगवान प्रोसेसर हाती नव्हते, म्हणून त्यांनी इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे साधे प्रोसेसर घेतले. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. असे ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटून दिलं. तेव्हाच्या क्रे महासंगणकाचं घड्याळ सुमारे १६७ मेगाहर्ट्झचं होतं, ट्रान्सप्युटरचं फक्त वीस-तीसचं. समांतर संगणन ही कल्पना पुण्यात जन्मली नाही, पण इथं ती गरजेपोटी राबवली गेली. २००५नंतर ती गरज साऱ्या जगाची झाली.

पण काम वाटून देणं सोपं नसतं. लग्नघरात दहा जण बसले तर भाजी दहापट लवकर चिरून होते. कुकरमध्ये वरण शिजायला मात्र तेवढाच वेळ लागतो, भोवती कितीही माणसं उभी राहोत. जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच हे मांडलं होतं: कामाचा दहावा हिस्सा जरी वाटून देता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावूनही वेग दहापटीच्या पुढं जात नाही. म्हणून आठ कोअरचा फोन चार कोअरच्या फोनपेक्षा दुप्पट वेगवान असेलच असं नाही.

'३ नॅनोमीटर' म्हणजे काय?

मग ट्रान्झिस्टर लहान करण्याची खटपट थांबली का? उलट, तिथं माणसानं कमाल केली. २००७ साली इंटेलनं गेटखालचा जुना थर बदलून हाफ्नियमचा वापर सुरू केला आणि गळती कमी केली. १९९९ साली बर्कलीत चेनमिंग हू आणि सहकाऱ्यांनी 'फिनफेट' दाखवला होता: विजेची वाट सपाट न ठेवता माशाच्या परासारखी उभी करायची, म्हणजे गेटला ती तीन बाजूंनी आवळता येते. २०१२मध्ये तो बाजारातल्या चिपमध्ये आला. आता वाट चारही बाजूंनी गेटच्या मुठीत देण्याची रचना आली आहे. सॅमसंगनं २०२२मध्ये ती सुरू केली, टीएसएमसी आणि इंटेलही त्याच वाटेवर आहेत.

इतक्या बारीक रेघा ओढायला प्रकाशही तसा बारीक लागतो. नेदरलँड्समधल्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या गतीनं सोडतात आणि प्रत्येकावर लेझरचा मारा करतात. त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. असं यंत्र बनवणारी जगात ही एकच कंपनी आहे आणि एका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर आहे. मूर यांचं वचन स्वस्ताईचं होतं. आज ते पाळणं परवडणारे कारखाने बोटांवर मोजता येतात.

आणि '३ नॅनोमीटर'? पूर्वी असा आकडा ट्रान्झिस्टरचं खरं माप सांगायचा. आता ते पिढीचं नाव आहे, व्यापारी शिक्का. ३ नॅनोमीटरच्या चिपमध्ये एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर अजूनही ४५ ते ५० नॅनोमीटरच्या घरात असतं. नव्या पिढीत ट्रान्झिस्टर जास्त दाट बसतात आणि वीज कमी खातात, हे खरं आहे. बॅटरी जास्त टिकते ती त्यामुळंच. पण तो आकडा वेगाचं माप नव्हे. २००७च्या पहिल्या आयफोनचा प्रोसेसर ४१२ मेगाहर्ट्झवर चालायचा. सोळा वर्षांत फोन ३.७८ गिगाहर्ट्झवर पोचला, म्हणजे डेस्कटॉप २००४मध्ये ज्या भिंतीपाशी थबकला होता, साधारण तिथंच.

पुढचा वेग कुठून येणार?

आज चिपवर इतके ट्रान्झिस्टर आहेत की सगळे एकदम पूर्ण वेगानं चालवले तर ती तापून बसेल. म्हणून बराचसा भाग आळीपाळीनं झोपवून ठेवतात. फोनच्या चिपमध्ये दोन-चार दमदार कोअर आणि काही काटकसरी कोअर असतात, फोटोसाठी वेगळा विभाग, एआयसाठी वेगळा. गाव मोठं झालं की सुतार, लोहार, शिंपी वेगळे होतात, तसं हे. चिप एकमेकींवर रचणं, वीज मागच्या बाजूनं पुरवणं, आठवण आणि गणित यांच्यातलं अंतर कमी करणं, हेही मार्ग चालू आहेत. प्रत्येकातून थोडं थोडं मिळतं. डेनार्डसारखं फुकट कुणीच देत नाही.

सगळ्यात मोठा साठा मात्र भलतीकडंच पडून आहे. २०२० साली चार्ल्स लायझरसन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. दोन मोठ्या संख्या-कोष्टकांचा गुणाकार पायथन भाषेत सरळधोपट लिहिला, तर त्यांच्या संगणकाला सात तास लागले. तेच काम त्याच संगणकावर, चिपची रचना समजून घेऊन लिहिलं, तेव्हा लागले ०.४१ सेकंद. साठ हजार पटींहून जास्त फरक! सगळ्याच प्रोग्रामना एवढा फायदा होणार नाही. पण वर्षाला ५२ टक्के व्याज मिळत होतं त्या काळात आपण किती उधळपट्टी केली, याचा अंदाज यातून येतो.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या कोड लिहिणार आहात, काही जण आजही लिहीत असाल. तुमच्या आधीच्या पिढीला आळस परवडला, कारण चिप त्यांची चूक झाकत होती. तुम्ही लिहिलेलं ॲप जड झालं, तर त्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजणार आहे: चार वर्षं जुना फोन वापरणारा, आणि "फोन स्लो झालाय" म्हणून नसलेले पैसे नव्या फोनवर घालणारा.

रॉबर्ट डेनार्ड एप्रिल २०२४मध्ये गेले, वयाच्या ९१व्या वर्षी. मूर त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मे महिन्याच्या दुपारी बराच वेळ गेम खेळल्यावर फोन हाताला चटका देऊ लागतो आणि गेम अडखळायला लागतो, ते आठवतं? चिपनं आपलं तापमान मोजलेलं असतं आणि स्वतःचं घड्याळ स्वतःच मंद केलेलं असतं. डेनार्डनी पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली अट तेव्हा तुमच्या तळहाताला लागत असते. फोन थोडा वेळ सावलीत ठेवा. बिघडलेला नाही तो.